डेव्हिड लो : कुंचला आणि करार

म्हैसूरमधील एका मुख्याध्यापकांच्या घरी १९३०च्या दशकात 'हिंदू' हे मद्रासचे इंग्रजी दैनिक येत असे. घरातील सर्वांत धाकटा मुलगा अंक हाती पडताच बातम्या ओलांडून एका विलायती व्यंगचित्रापाशी थांबे. चित्राच्या कोपऱ्यात तीन इंग्रजी अक्षरांची सही असे. तिच्यातील पहिले अक्षर एल आहे की सी, हे त्याला उमगत नसे. त्यामुळे या चित्रकाराचे नाव 'काऊ', म्हणजे गाय, असल्याची त्याची बरेच दिवस समजूत होती. हा मुलगा म्हणजे आर. के. लक्ष्मण, आणि ती सही होती डेव्हिड लो यांची. पुढे मुंबईच्या वृत्तपत्रसृष्टीत लक्ष्मण आणि बाळ ठाकरे या दोघांनीही लो यांना आपला आदर्श मानले. लो यांचे एकही मूळ चित्र ज्याने पाहिलेले नाही अशा मराठी वाचकालाही त्यांच्या कुंचल्याचे वळण परके वाटत नाही, ते यामुळेच.

हिटलरची खिल्ली उडवणारा चित्रकार ही लो यांची जगाला असलेली ओळख. ती खरी आहे, पण अपुरी आहे. त्यांच्या आयुष्यातील ऐन उमेदीची तेवीस वर्षे त्यांनी अशा वृत्तपत्रात घालवली, ज्याच्या मालकाशी त्यांचे राजकारणातील जवळजवळ कोणत्याही प्रश्नावर एकमत नव्हते. मालकाच्या मताविरुद्ध मालकाच्याच कागदावर, मालकाच्याच शाईने रोज बोलायचे, आणि त्यासाठी उत्तम वेतनही घ्यायचे, हा प्रकार वृत्तपत्रांच्या इतिहासात विरळा. तो कसा घडला, किती टिकला आणि एकदा कोठे अडखळला, हीच लो यांच्या चरित्रातील मुख्य गोष्ट आहे.

डेव्हिड लो यांचा जन्म न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे ७ एप्रिल १८९१ रोजी झाला. त्यांचे बालपण क्राइस्टचर्चमध्ये गेले. थोरला भाऊ अकाली गेला, तेव्हा अतिअभ्यासाने त्याची प्रकृती खालावली असावी असे आईवडिलांच्या मनाने घेतले आणि डेव्हिडच्या मागे शिक्षणाचा लकडा लावायचा नाही असे त्यांनी ठरवले. शाळा लवकर सुटली. चित्रकलेचे पद्धतशीर शिक्षण तर जवळपास नव्हतेच. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेले 'पंच' साप्ताहिकाचे जुने अंक हीच त्यांची चित्रशाळा झाली. चार्ल्स कीन यांचे छायाप्रकाशाचे भान आणि फिल मे यांची काटकसरी रेषा या दोन गोष्टी त्यांनी त्या पानांवरून उचलल्या. मोजक्या रेषांत चित्र उभे करणे सोपे असते, असे पाहणाऱ्याला वाटते. त्या मोजक्या रेषांपूर्वी कितीतरी रेषा काढून खोडाव्या लागतात, हे लो यांना पोरवयातच कळले. १९०२ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांची एक छोटी चित्रमालिका इंग्लंडमधील 'बिग बजेट' या मुलांच्या नियतकालिकाने छापली.

त्यानंतर क्राइस्टचर्चमधील नियतकालिकांत उमेदवारी झाली आणि १९११ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या 'बुलेटिन' या गाजलेल्या साप्ताहिकात त्यांना नोकरी मिळाली. तेथे त्यांना पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले ते पंतप्रधान विल्यम ह्यूज यांच्या रूपाने. ह्यूज ठेंगणे, तापट आणि मोठ्या आवाजाचे. १९१६ मधील एका चित्रात ते लंडनच्या साम्राज्य परिषदेत टेबलावर थैमान घालत आहेत, कागदपत्रे उधळली आहेत, आणि बावरलेले ब्रिटिश पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ शेजारच्या लॉइड जॉर्ज यांना, या गृहस्थांशी तुमच्या वेल्श भाषेत बोलून त्यांना शांत करा, अशी विनवणी करीत आहेत. ह्यूज व लॉइड जॉर्ज दोघेही वेल्श वंशाचे, ही त्यातील मेख. १९१८ मध्ये ह्यूज यांच्यावरील चित्रांचे 'द बिली बुक' हे पुस्तक निघाले. त्याच्या प्रती लो यांनी इंग्लंडला धाडल्या. कादंबरीकार अर्नोल्ड बेनेट यांनी त्यांची वाखाणणी केली आणि लंडनच्या 'डेली न्यूज'चे मालक असलेल्या कॅडबरी घराण्याकडून लो यांना बोलावणे आले. १९१९ मध्ये लो लंडनला पोहोचले.

'डेली न्यूज'चे भावंड असलेल्या 'स्टार' या उदारमतवादी सायंदैनिकात त्यांनी आठ वर्षे चित्रे काढली. महायुद्धानंतरचे लॉइड जॉर्ज यांचे संयुक्त सरकार त्यांनी एका दोन तोंडांच्या गाढवाच्या रूपात उभे केले. तोंडे दोन दिशांना, त्यामुळे गाढव जागचे हलत नाही. संयुक्त सरकारांचा अनुभव असलेल्या वाचकाला या चित्राचा अर्थ सांगण्याची गरज नाही. १९२० मध्ये त्यांनी मॅडलिन केनिंग यांच्याशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. घरचे आयुष्य शांत होते आणि चरित्रकाराला त्यात फारसे काही सापडत नाही.

लॉर्ड बीव्हरब्रुक हे मूळचे कॅनडाचे. पैसा करून ते इंग्लंडात आले, राजकारणात शिरले आणि वृत्तपत्रांचे धनी झाले. साम्राज्याचे कट्टर अभिमानी, हुजूर पक्षाच्या वर्तुळातले, आणि माणसे हेरण्यात पटाईत. आपल्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड' या सायंदैनिकासाठी त्यांना लो हवे होते. लो यांचा कल डावीकडे होता. साम्राज्याचा डामडौल हा त्यांच्या चेष्टेचा आवडता विषय होता. त्यांनी प्रथम नकार दिला. बीव्हरब्रुक मागे हटले नाहीत. शेवटी लो यांनी जी अट घातली ती मान्य झाली. चित्राचा विषय निवडण्याचे, तो हवा तसा मांडण्याचे आणि त्यातून स्वतःची मते व्यक्त करण्याचे पूर्ण स्वातंत्र्य चित्रकाराला राहील, असे करारात लिहून दिले गेले. १९२७ मध्ये लो 'ईव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये दाखल झाले.

आठवड्याला चार मोठी चित्रे असा त्यांचा शिरस्ता होता. अग्रलेखात साम्राज्याची भलामण आणि त्याच अंकात लो यांच्या चित्रात तिची टर, असा देखावा वाचकांना वारंवार दिसू लागला. 'ईव्हनिंग स्टँडर्ड'चा वाचक बहुशः सुखवस्तू. तो चिडून पत्रे लिही आणि वृत्तपत्र ती पत्रे छापी. बीव्हरब्रुक स्वतः या चित्रांत पुनःपुन्हा येत, कानापासून कानापर्यंत पसरलेल्या हास्यासह एखाद्या खट्याळ बुटक्यासारखे. यात मालकाचा उदारपणा होता तसा व्यवहारही होता. भांडणाने खप वाढतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. करार सर्वस्वी अबाधित राहिला असेही म्हणता येत नाही. काही प्रसंगी संपादकांनी लो यांची चित्रे छापली नाहीत. तरीही त्या काळच्या लंडनमध्ये इतकी मोकळीक दुसऱ्या कोणा नोकरदार व्यंगचित्रकाराला क्वचितच असेल.

लो यांची कामाची रीत मेहनती होती. ज्याचे अर्कचित्र काढायचे त्याला ते प्रत्यक्ष पाहून येत. संसदेच्या गॅलरीत बसून चालण्याची ढब, मान वळवण्याची लकब, खिशात हात घालण्याची तऱ्हा टिपून घेत. छायाचित्रावरून केवळ चेहरा मिळतो, माणूस मिळत नाही, अशी त्यांची धारणा होती. मग पेन्सिलीची कच्ची रूपे होत, आणि अखेरीस जाड कुंचला व काळी शाई. भरीव काळ्या जागा आणि शेजारी उघडा पांढरा कागद यांतून त्यांची चित्रे दुरूनही वाचता येत. चित्र पाहिले की ते चटकन आणि सहजगत्या काढलेले वाटावे, यासाठी तासन्‌तास जात. चित्राच्या एखाद्या कोपऱ्यात टोपी घातलेले, छोट्या दाढीचे स्वतः लो कधीकधी बघ्याच्या भूमिकेत उभे असत.

१९३४ मध्ये त्यांनी कर्नल ब्लिम्पला जन्म दिला. टक्कल, वॉलरससारख्या झुबकेदार मिशा, गोल पोट आणि अंगावर टॉवेल. हे निवृत्त कर्नलसाहेब बाष्पस्नानगृहात उभे राहून साम्राज्य, सैन्य, कामगार, परकीय अशा सर्व विषयांवर ठाम मते देतात, आणि त्यांच्या प्रत्येक विधानाचा उत्तरार्ध पूर्वार्धाला खोडून काढतो. घोडदळाच्या जागी रणगाडे आले तरी स्वारांनी आपला गणवेश आणि टाचांच्या आरा सोडू नयेत, अशा आशयाचे एका कर्नलचे पत्र लो यांनी वृत्तपत्रात वाचले होते. त्यातून हे पात्र सुचले. ब्लिम्प दुष्ट नाही, लबाडही नाही. तो फक्त विचार करण्याची सवय गमावून बसला आहे. ज्यांच्यावर चित्र बेतले होते तेही ते पाहून हसत आणि बोट दुसऱ्याकडे दाखवत. थोड्याच काळात ब्लिम्प हा शब्द इंग्रजी कोशांत त्या अर्थाने दाखल झाला. आपल्याकडेही असे ब्लिम्प वसाहतीच्या काळात छावण्याछावण्यांतून नांदून गेले होते; त्यांना नाव मात्र लो यांनी दिले.

याच सुमारास जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता. लो यांनी त्याच्याविषयी घेतलेला एक निर्णय कलेच्या दृष्टीने लहान आणि परिणामाच्या दृष्टीने फार मोठा ठरला. इतर अनेक चित्रकार हिटलरला राक्षस म्हणून रंगवीत होते : रक्ताळलेले हात, सुळे, भोवती कवट्या. लो यांचे म्हणणे असे की हुकूमशहाला हे आवडते. आपली दहशत वाटते हे पाहून तो सुखावतो आणि त्याचे अनुयायीही. त्याला सोसत नाही ते मूर्ख ठरणे. म्हणून लो यांचा हिटलर हा फुशारकी मारणारा, रुसणारा, पोशाखाचा सोस असलेला एक क्षुद्र गृहस्थ आहे. मुसोलिनी हा त्याचा फुगीर छातीचा जोडीदार. १९३३ मध्ये राष्ट्रसंघाच्या संदर्भातील एका चित्रानंतर 'ईव्हनिंग स्टँडर्ड'ला जर्मनीत बंदी झाली; इटलीतही लो यांच्या चित्रांना मज्जाव झाला.

लो यांचा रोख एकट्या हिटलरवर नव्हता, हे विसरता कामा नये. ८ जुलै १९३६च्या चित्रात हिटलर ताठ पायांनी कवायती चाल करीत, नाकाला अंगठा लावून वेडावत पुढे निघाला आहे. त्याच्या पायाखालची वाट बनली आहे ती लोकशाही देशांच्या नेत्यांच्या वाकलेल्या पाठींची. या नेत्यांना कणा नाही. पहिल्या पाठीवर पुनःशस्त्रीकरण लिहिले आहे, दुसरीवर ऱ्हाइनलँड, तिसरीवर डॅन्झिग, आणि पुढच्या पाठींवर नुसती प्रश्नचिन्हे. ज्या वर्षी बहुसंख्य इंग्रज वाचकाला शांततेखेरीज काही नको होते, त्या वर्षी हे चित्र काढणे सोपे नव्हते. ते छापणारे वृत्तपत्र तर जर्मनीशी जुळवून घेण्याच्या बाजूचे होते.

करार खऱ्या अर्थाने कसोटीला लागला तो १९३७ मध्ये. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेले. हे हॅलिफॅक्स म्हणजे आपल्याकडील गांधी-आयर्विन करारातले लॉर्ड आयर्विन. १९२६ ते १९३१ या काळातील हिंदुस्थानचे व्हाइसरॉय. आता ते ब्रिटिश मंत्रिमंडळात होते आणि काही महिन्यांतच परराष्ट्रमंत्री होणार होते. हिटलरच्या भेटीनंतर त्यांची गोबेल्सशीही भेट झाली. दोन देशांच्या मैत्रीआड ब्रिटिश वृत्तपत्रे येतात, आणि त्यांतही लो यांची चित्रे फ्यूररच्या मनाला विशेष लागतात, अशी तक्रार तेथे त्यांच्या कानी घालण्यात आली. लंडनला परतल्यावर हॅलिफॅक्स यांनी 'ईव्हनिंग स्टँडर्ड'च्या व्यवस्थापकांमार्फत लो यांची गाठ घेतली.

या भेटीत धमकी नव्हती, हुकूम नव्हता. सरकारला चित्रकाराच्या हातून कुंचला काढून घेण्याचा अधिकार नव्हता आणि मालकालाही करारामुळे तो नव्हता. एका सभ्य, वयाने वडील आणि सद्हेतूबद्दल ख्याती असलेल्या मंत्र्याने फक्त एवढे सुचवले की युरोपची शांतता नाजूक आहे आणि आपण थोडे सौम्य झालात तर तिला हातभार लागेल. कराराच्या कोणत्याही कलमात या विनंतीवरचा उपाय नव्हता. जगाच्या शांततेचे ओझे एका चित्रकाराच्या खांद्यावर असे अलगद ठेवले गेल्यावर त्याने काय करावे? लो यांनी हात आखडता घेण्याचे मान्य केले.

काही काळ त्यांच्या चित्रांतून हिटलर आणि मुसोलिनी यांचे चेहरे बाजूला झाले. त्यांच्या जागी 'मझलर' नावाचा एक काल्पनिक हुकूमशहा आला. एकाच्या चेहऱ्याचे अर्धे, दुसऱ्याच्या जबड्याचे अर्धे. नाव मात्र असे की त्यात दोघांचाही ध्वनी यावा आणि तोंडाला मुसके बांधणारा असा अर्थही निघावा. चलाखी होती, पण धार गेली होती. नावाने मारलेला फटका आणि आडून मारलेला टोमणा यांतले अंतर लो यांच्याइतके कोणाला कळत होते? शब्द दिला होता, तो त्यांनी पाळला. मार्च १९३८ मध्ये जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले. मझलर निवृत्त झाला आणि हिटलर आपल्या नावानिशी लो यांच्या चित्रांत परतला.

या प्रकरणी लो यांना दोष देणारे टीकाकार आहेत, आणि तो दोष अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मात्र त्या हिवाळ्यात इंग्लंडमधील बहुतेक शहाणी माणसे जे मानत होती तेच त्यांनी काही महिने मानून पाहिले, आणि घटनेने खोटे ठरवताच ते टाकून दिले. अनेक शहाण्यांना ते टाकायला आणखी दीड वर्ष लागले.

३० सप्टेंबर १९३८ रोजी, म्युनिक कराराच्या वेळी, लो यांनी त्या परिषदेचे चित्र काढले. हिटलर, चेंबरलेन, दलादिए आणि मुसोलिनी भिंतीवरील पृथ्वीच्या गोलाखाली ऐटीत बसले आहेत, आणि दारातून आलेला स्टालिन आपल्याला खुर्ची नाही का, असे विचारतो आहे. ही न मिळालेली खुर्ची त्याने वर्षभराने वेगळ्याच ठिकाणी शोधली. ऑगस्ट १९३९ मध्ये जर्मनी आणि रशिया यांचा तह झाला, सप्टेंबरात दोघांनी दोन बाजूंनी पोलंड गिळला. २० सप्टेंबरच्या चित्रात लो यांनी दोघांना समोरासमोर आणले. दोघेही टोप्या काढून, कमरेत लवून, दरबारी अदबीने एकमेकांचे स्वागत करीत आहेत. स्वागताचे शब्द मात्र निवडक शिव्या आहेत, आणि दोघांच्या मधोमध पोलंडचे प्रेत पडले आहे. पाठीमागे काळवंडलेले आकाश. लो यांच्या सर्व चित्रांत हे सर्वांत परिपूर्ण. दोन शत्रूंची मैत्री टिकणार नाही, हे त्या नम्र वाकण्यातच त्यांनी लिहून ठेवले होते. १९४१च्या जूनमध्ये ते खरे झाले.

मे १९४० मध्ये चर्चिल पंतप्रधान झाले. १४ मेच्या चित्रात ते बाह्या सरसावत पुढे निघाले आहेत, शेजारी अ‍ॅटली, बेव्हिन, मॉरिसन हे मजूर पक्षाचे पुढारी त्याच पवित्र्यात, आणि मागे रांगांमागून रांगा. पुढच्याच महिन्यात फ्रान्स कोसळला. १८ जूनच्या चित्रात समुद्राच्या लाटा आदळणाऱ्या एका खडकावर एकटा ब्रिटिश सैनिक उभा आहे. आकाशातून बॉम्बफेकी विमाने येत आहेत, आणि तो मूठ उगारून त्यांना जणू बजावतो आहे की ठीक, तर मग आम्ही एकटे. या चित्रात विनोद नाही, कोणाची चेष्टा नाही. ज्या साम्राज्याभिमानाची लो यांनी आयुष्यभर टिंगल केली होती त्याचाही त्यात लवलेश नाही. लोकांना स्वतःला जे म्हणायचे होते ते त्यांना एका संध्याकाळी छापलेले मिळाले.

चर्चिल आणि लो यांचे नाते मोठे मजेदार होते. १९२०च्या दशकात लो यांनी चर्चिल यांना भरपूर झोडपले. तरी चर्चिल यांनी आपल्या एका निबंधात त्यांना आधुनिक व्यंगचित्रकारांत अग्रस्थान दिले. पुढे पॉवेल आणि प्रेसबर्गर यांनी कर्नल ब्लिम्पवरून चित्रपट काढला, तेव्हा युद्धकाळात सैन्याची अशी थट्टा नको म्हणून चर्चिल यांनीच तो थांबवण्याची खटपट केली. ती फळाला आली नाही. १९४३ मध्ये चित्रपट झळकला. लो यांच्या कलेचे मोल जर्मनांनीही आपल्या परीने ठरवले होते. इंग्लंड जिंकल्यावर ज्यांना ताबडतोब पकडायचे त्यांची एक यादी गेस्टापोने तयार ठेवली होती. युद्धानंतर ती उजेडात आली तेव्हा तिच्यात लो यांचे नाव होते. १९४६ मध्ये न्यूरेंबर्ग येथील खटला पाहायला लो स्वतः गेले. ज्यांचा त्यांनी वर्षानुवर्षे उपहास केला होता, त्यांच्यापैकी हयात असलेल्यांना आरोपींच्या बाकावर बसलेले पाहून त्यांनी त्यांची रेखाटने केली.

युद्धोत्तर काळाविषयी फार सांगण्यासारखे नाही. शत्रू एवढा ठळक राहिला नाही, आणि लो यांच्या जाड कुंचल्याला ठळक शत्रू मानवे. या काळातील त्यांची नाव घेण्यासारखी निर्मिती म्हणजे ब्रिटिश कामगार संघटनांचे प्रतीक असलेला गाडीचा घोडा : दणकट, प्रामाणिक, संथ आणि वळायला नाखूश. स्वतः डावे असूनही लो यांना तो घोडा असाच दिसला. १९५०च्या सुमारास त्यांनी 'ईव्हनिंग स्टँडर्ड' सोडले. मजूर पक्षाच्या बाजूच्या 'डेली हेरल्ड'मध्ये ते गेले, म्हणजे प्रथमच आपल्या मताच्या घरी राहायला आले, पण तेथे तीनच वर्षे रमले. विरोधकाच्या कागदावर चित्राला जो उठाव येत असे तो समविचारी पानावर येत नव्हता, असे ती चित्रे पाहताना वाटत राहते. १९५३ पासून ते 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये होते. १९५६ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. कर्नल ब्लिम्पच्या जनकाला १९६२ मध्ये सर हा किताब मिळाला.

१९ सप्टेंबर १९६३ रोजी लंडन येथे लो यांचे निधन झाले. त्या वेळी मुंबईत 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या पानावर चौकटीचा कोट आणि धोतर घातलेला लक्ष्मण यांचा सामान्य माणूस येऊन बारा वर्षे झाली होती, आणि ठाकरे यांचे 'मार्मिक' चौथ्या वर्षात होते.